नकाराची तारीख

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की अमेरिकेत इतिहासाच्या पीएचडीला अर्ज केलेल्या माझ्या ओळखीच्या चार-पाच मुलांची झोप उडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी पाचला ऑफिसं बंद होतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. कुठल्याशा इतिहास विभागातल्या कुणी घरी निघता निघता निकालाची पत्रं सोडली, तर ती इथे त्याच सुमारास येऊन पडतात. म्हणून साडेतीनला जाग. आधी मेल बघायचा, मग स्पॅम चाळायचं, मग विद्यापीठाच्या पोर्टलवर जाऊन पासवर्ड टाकायचा. तिथे डिसेंबरपासून एकच ओळ आहे: अर्ज मिळाला, विचार चालू आहे. मग पुन्हा आडवं व्हायचं आणि छताकडे बघत सहा वाजवायचे.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि दर हिवाळ्यात या मुलांची शिफारसपत्रं लिहिते. (तीही बहुतेक वेळा मुदतीच्या आदल्या रात्री. त्याबद्दल पुढे बोलेन.) हा मोसम मी इतक्या वेळा जवळून पाहिला आहे की आता मला त्यात मुलांच्या नशिबापेक्षा संस्थांची वागणूक जास्त दिसते. नकार येतात, यायचेच. तीन-चारशे अर्ज आणि दहा-पंधरा जागा, त्यातही दक्षिण आशियाच्या वाट्याला एक किंवा दोन, कधी एकही नाही. हे गणित अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. माझी तक्रार नकाराबद्दल नाहीच. तो कधी येणार हे कुणी सांगत नाही, याबद्दल आहे. आणि ही तक्रार तिकडच्या विद्यापीठांइतकीच, खरं तर जरा जास्तच, इकडच्या विद्यापीठांबद्दल आहे.

एका मुलीची हकिकत सांगते. हडपसरची. वडिलांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. तिला अठराव्या शतकातल्या पुण्याच्या पाण्यावर काम करायचं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणलं आणि ते पेठांतल्या हौदांत पडू लागलं, हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. त्या हौदांवर कोण पाणी भरत होतं, आणि कुणाला भरू दिलं जात नव्हतं? त्यासाठी ती मोडी, म्हणजे त्या काळच्या कागदांची लिपी, शिकली. पहिले सहा महिने दिवसाला दहा ओळी लागायच्या, मग पानं लागू लागली. तिने बाहेर आठ ठिकाणी अर्ज केले. दोन विद्यापीठांनी फी माफ केली. उरलेल्या सहांची, दर अर्जाला सरासरी शंभर डॉलर धरले, तर पन्नास हजार रुपयांच्या पुढे गेली. इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे वेगळे.

फेब्रुवारीत दोन नकार आले, मार्चमध्ये एक. बाकी पाच गप्प. एप्रिल गेला. मे महिन्यात एकाच आठवड्यात तीन नकार आले. दोघांकडून आजतागायत काही नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तिचा अर्ज तिथे अजून विचाराधीन आहे म्हणायचा.

दरम्यान तिने इकडेही एका विद्यापीठात पीएचडीसाठी नाव घातलं होतं. परीक्षा झाली, मुलाखत झाली, समितीतले सर ‘कळवू’ म्हणाले. जूनमध्ये तिला एका ज्युनियर कॉलेजात शिकवायची संधी आली. तीन दिवसांत हो-नाही सांगा, असा निरोप. तिने मला फोन केला. “मॅडम, काय करू?” मी म्हटलं, “थांब जरा, मुलाखत चांगली झालीय तुझी.” ती थांबली. जागा दुसऱ्या कुणाला गेली. इकडचं कळलं नोव्हेंबरात, आणि तेही कुणी कळवलं म्हणून नव्हे. लावलेल्या यादीत आपलं नाव नाही हे तिने स्वतः जाऊन पाहिलं म्हणून.

तिचे वडील मला एकदा दुकानात भेटले होते. त्यांचा एकच प्रश्न होता. “मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण निकाल कधी आहे?” मी हसले, पण प्रश्न बिनतोड होता. त्यांच्या अनुभवात परीक्षा म्हटली की निकालाची तारीख असते. ज्या राज्य मंडळाचं मुख्यालय याच शहरात आहे ते दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक मुलांचा दहावीचा निकाल लावतं. तारीख आधी जाहीर होते, वेळ ठरलेली, दुपारी एक. त्या दिवशी त्यांच्या दुकानात रांग असते, मुलांच्या गुणपत्रिका तेच छापून देतात. पंधरा लाखांना जमतं ते तीनशेंना का जमत नाही, हे त्यांना पटवून देणारं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आजही नाही.

तिकडची बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेतल्या बऱ्या विद्यापीठात इतिहासाच्या पीएचडीला घेतलं याचा अर्थ पाच-सहा वर्षांची फी, स्टायपेंड आणि आरोग्य विमा विद्यापीठाने अंगावर घेतला. दहा जागांसाठी वीस जणांना बोलावलं आणि वीसही आले, तर विभाग बुडाला. म्हणून ते मोजक्यांना बोलावतात आणि पुढच्या काहींना हाताशी धरून ठेवतात. पहिल्या यादीतला कुणी दुसरीकडे गेला की हाताशी ठेवलेल्यांपैकी एकाला निरोप. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिकडच्या संघटनेचा एक जुना ठराव आहे: आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आत होकार देण्याची सक्ती करता येणार नाही. फार चांगला ठराव. ज्याच्या हातात दोन पत्रं आहेत त्याला तो विचार करायला वेळ देतो.

पण ज्याच्या हातात एकही पत्र नाही त्याचं काय? १५ एप्रिल ही होकार मिळालेल्यांची तारीख आहे. नकार मिळणाऱ्यांना तारीखच नाही. फेब्रुवारीत समितीची बैठक होते, तीनशेंपैकी अडीचशे अर्ज त्याच दिवशी बाजूला पडतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या अडीचशेंना त्या संध्याकाळी दोन ओळी लिहायला कुठला आर्थिक अडथळा आहे? यात विभागाला काहीच गमवायचं नसतं. असतो तो आळस, किंवा नकार एकदमच पाठवू ही सोय, किंवा कुणी उलटून प्रश्न विचारील ही धास्ती.

आणि ज्यांना हाताशी धरून ठेवलंय, त्यांना तसं सांगावं. आपल्याकडे रेल्वेचं तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला प्रतीक्षा यादी म्हणजे काय ते कळतं. वेटिंग बारा असेल तर माणूस थांबतो, वेटिंग एकशे चाळीस असेल तर स्वारगेटला जाऊन एसटी बघतो. क्रमांक सांगितला म्हणून रेल्वेचं काही बिघडलेलं नाही. आकडा हातात असला की माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. आकडा लपवला की त्याचा निर्णय तुम्ही घेतलेला असतो, त्याला न विचारता.

एक उलटी गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. २०२० च्या साथीत अमेरिकेतल्या कित्येक मानव्यविद्या विभागांनी एका वर्षासाठी पीएचडीचे प्रवेशच बंद ठेवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यविद्यांच्या अनेक विभागांबद्दल तसंच जाहीर केलं. त्यावर खूप हळहळ व्यक्त झाली, आणि योग्यच झाली. एका पिढीतले अभ्यासक कमी होणं ही लहान गोष्ट नाही. पण अर्जदाराच्या जागी उभं राहून बघितलं तर ती बंद दाराची पाटी होती, आणि ती फी भरायच्या आधी लावलेली होती. त्यापेक्षा वाईट घडलं ते २०२५ च्याच वसंतात, सरकारी पैशाची खात्री उरली नाही म्हणून काही विद्यापीठांनी ऐन हंगामात, अर्ज वाचून झाल्यावर, जागा कापल्या तेव्हा. मुलं इकडे पोर्टल उघडत बसलेली आणि ज्या जागेसाठी बसलेली ती जागाच नाही. बंद दारापेक्षा उघडं दिसणारं दार महाग पडतं. या वर्षी अर्ज करायचा की नाही असं विचारणाऱ्या मुलांना मी आता पहिला प्रश्न तोच विचारते: किती जागा आहेत हे त्यांनी लिहिलंय का? नसेल लिहिलं तर मेल करून विचार. उत्तर आलं नाही, तर तेही उत्तरच समज.

आता आपल्या घरी येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे नियम २०२२ चे आहेत. विद्यापीठांनी जागांची संख्या, विषयवार वाटणी आणि निवडीची पद्धत आधी जाहीर करावी, असं त्यांत आहे. एका प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ संशोधक, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. म्हणजे कुणाकडे किती जागा रिकाम्या आहेत हे बोटांवर मोजता येतं. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. फेलोशिप न मिळालेल्यांसाठी परीक्षेला सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के वजन. कागदावर सगळं नीटनेटकं आहे.

फक्त एक गोष्ट बघा. फेलोशिप न मिळालेल्या विद्यार्थ्याचे नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य असतात. वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा. त्याच्या गुणांना मुदत आहे. विद्यापीठाच्या निर्णयाला मात्र मुदत नाही. मुलाखत झाल्यापासून किती दिवसांत निकाल लावायचा, हे कुठे ठामपणे सांगितलेलं मला दिसत नाही; दिसतं ते प्रत्यक्षात, आणि ते महिन्यांत मोजायचं असतं. मार्गदर्शकाची मान्यता यायचीय, केंद्राची तपासणी व्हायचीय, समितीची बैठक कोरमअभावी पुढे गेली. दिवाळी आली. संशोधन सल्लागार समितीलाही विद्यापीठात आरएसी म्हणतात. रेल्वेतल्या आरएसीत निदान बसायला अर्धी जागा मिळते.

आणि या सगळ्याच्या आधीची ती परीक्षा! १८ जून २०२४ ला देशभर नेट झाली आणि १९ जूनला रद्द झाली. फेरपरीक्षा २१ ऑगस्टला सुरू झाली, सप्टेंबरपर्यंत चालली. त्या पावसाळ्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी दोन मुलांना भेटायला गेले होते. टेबलावर मध्ययुगीन भारताच्या नोट्स तशाच उघड्या. एक जण म्हणाला, “मॅडम, वाचलेलं विसरायला लागलोय, आणि नवीन वाचायला मन होत नाही.” अशी ताटकळणारी मुलं हा पुण्याच्या पेठांमधला आता एक धंदाच आहे. कॉट बेसिसवर खोली, महिन्याची मेस, अभ्यासिकेतली क्रमांकाची खुर्ची. वाट बघणाऱ्याला रोज भाडं पडतं आणि त्यावर कुणाचं तरी घर चालतं.

त्याच पेठांत २०२१ च्या मार्चमध्ये राज्यसेवेची परीक्षा आयत्या वेळी पुढे ढकलली म्हणून हजारो मुलं रस्त्यावर उतरली होती. सरकारला नवी तारीख जाहीर करावी लागली. हजारोंचं ऐकलं जातं. इतिहासाच्या पीएचडीला थांबलेली मुलं शहरात जेमतेम शे-दोनशे असतील; ती रस्त्यावर उतरली तर रिक्षासुद्धा अडायची नाही. म्हणून तर हा प्रश्न नियमातच सुटला पाहिजे. आंदोलन करण्याइतकी ही मुलं कधीच नसणार.

नियम करणं अवघडही नाही. माहितीचा अधिकार २००५ चा. सार्वजनिक विद्यापीठात कुणीही अर्ज करून ‘अमुक निवडीचं काय झालं’ असं विचारलं तर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिवास प्रमाणपत्रासारख्या सेवा किती दिवसांत द्यायच्या हे त्याखाली ठरवून दिलेलं आहे, आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद आहे. म्हणजे तहसील कचेरीवर जे बंधन आहे ते ज्ञानाच्या मंदिरावर नाही. मला हवा तो नियम एवढाच: मुलाखतीनंतर पंचेचाळीस दिवसांत निकाल, प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र मेलने, प्रतीक्षा यादीतल्याला त्याच्या क्रमांकासह, आणि ती यादी कधी रद्द होईल त्या तारखेसह. आणखी एक: किती अर्ज आले आणि किती जागा भरल्या, हे दोन आकडे दरवर्षी संकेतस्थळावर. याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. एक कारकून आणि एक दुपार लागते.

यावर माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं आहे. “अहो बाई, ज्याला दोन महिने धीर धरवत नाही तो इतिहास काय करणार? राजवाड्यांना कुणी स्टायपेंड दिला होता का?” वाद आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर घेते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, माळ्यांवरची दप्तरं त्यांनी हुडकली, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ या मालेचा पहिला खंड काढला. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. हे सगळं खरं आणि थोर आहे. पण राजवाड्यांच्या चिकाटीवरून सगळ्यांना मापणं म्हणजे पोहून नदी पार केलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून पूल नको म्हणणं. किती जण वाहून गेले त्यांची नोंद कुठल्याच खंडात नाही.

आणि पुण्यातल्या इतिहासकारांनी वाट बघण्याचं गुणगान करावं हे तर फारच विनोदी आहे, कारण याच शहरातल्या अभ्यासकांनी बंद दाराबाहेर थांबण्याचा कडवटपणा दशकानुदशकं चाखलेला आहे. पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद. १८१८ नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्यातले कागद त्यांनी इनाम-वतनांच्या चौकशीसाठी वापरले, १८९१ मध्ये त्यासाठी खास दगडी इमारत बांधली. कोट्यवधी कागद. आणि मोजके अपवाद सोडले तर एतद्देशीय संशोधकाला आत प्रवेश नाही. मंडळातल्या लोकांनी मागण्या केल्या, चिडले, लेख लिहिले. शेवटी १९३० च्या सुमाराला सरकारने निवडक कागद छापायचं ठरवलं, तेव्हा काम दिलं ते बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसायांना, आणि पाठीशी होते बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. काम अफाट झालं. पण पुण्याची मंडळी बाहेरच राहिली आणि त्यातून जी तेढ निर्माण झाली ती पुढे कित्येक वर्षं टिकली. आम्हाला आत का घेत नाही, याचं सरळ उत्तर त्यांना कधी मिळालं नाही. बोचलं ते हेच. ज्यांचे गुरू आणि गुरूंचे गुरू त्या दाराबाहेर चरफडले, ते आता स्वतः समितीवर बसून ‘कळवू’ म्हणतात.

धीराबद्दल बोलायचं तर मुलांना तो शिकवायला नको. दफ्तरखान्यात काम केलेल्याला वाट बघणं म्हणजे काय हे नीट कळतं. मागणीची चिठ्ठी द्यायची आणि बाकावर बसायचं. फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात. रुमाल यायला कधी अर्धा तास लागतो, कधी दुपार जाते. आणि कधी तो सापडत नाही. मग शिपाई येऊन सांगतो, “बाई, हा नाही मिळत, दुसरा नंबर द्या.” हडपसरच्या मुलीने तिथे कितीतरी दुपारी अशा काढल्या आहेत, कुरकूर न करता. ती म्हणाली होती, “मॅडम, तिथे ‘नाही’ म्हणायला माणूस असतो ना.”

‘अहो, तिकडे जायचंच कशाला, कागद तर सगळे इथे आहेत’ असंही विचारलं जातं. कागद इथे आहेत. ते वाचायला लागणारी पाच वर्षांची निश्चिंती इथे नाही. एलेनॉर झेलियट या अमेरिकन अभ्यासिकेने आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १९६९ मध्ये दिला, तेव्हा आपल्या विद्यापीठांत या विषयाला किती जागा होती? अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा अभ्यासक्रम पुण्यात चालतो. तिकडची पीएचडीची मुलं इथे येतात, मराठी शिकतात, आमच्याच मोडीच्या वर्गात शेजारी बसतात. त्यांच्या शेजारी बसलेली आमची मुलगी त्यांच्याच विभागाच्या मेलची वाट बघत असते. दोघींचं चांगलं जमतं, डब्यातली भाजी वाटून खातात. एकीचा स्टायपेंड चालू असतो एवढाच फरक.

आणि हा फरक सगळ्यांत जास्त कुणाला बाधतो, हे उघड आहे, तरी सांगते. ज्याच्या घरी बाबा ‘बघ सावकाश, एक वर्ष गेलं तर गेलं’ म्हणू शकतात, त्याला संस्थेची चुप्पी फक्त चिडचिड देते. ज्याच्या घरी तसं म्हणता येत नाही, त्याचा त्या चुप्पीत रस्ता बदलतो. मुलींच्या बाबतीत तर घरात वेगळंच कॅलेंडर चालू असतं. ‘तुझं ते अमेरिकेचं एकदा कळू दे, मग बघू’ हे वाक्य आईने स्थळ आणणाऱ्यांना थोपवायला वापरलेलं असतं. एप्रिलपर्यंत ते पुरतं. जूनमध्ये ते पुरत नाही.

शिष्यवृत्त्यांची तऱ्हा आणखी निराळी. परदेशी शिक्षणाच्या सरकारी योजनांना आधी प्रवेशपत्र लागतं, आणि प्रवेश टिकवायला पैशाची हमी लागते. दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि मधे मूल उभं. अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन मजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी केंद्राची जी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन हे विषय योजनेत बसणार नाहीत. हे विषय भारतातच शिकता येतात, असं त्याचं समर्थन झालं. म्हणजे हौदावर कुणाला पाणी भरू दिलं नाही हा प्रश्न ज्याच्या पणजोबांच्या आयुष्याचा भाग होता, त्याने तो प्रश्न घेऊन बाहेर जायचं म्हटलं तर या योजनेचा पैसा त्याच्यासाठी नाही. या कलमाबद्दल मला रागच आहे. पण या लेखाच्या विषयापुरतं एवढं मान्य करते की ते निदान लिहून ठेवलेलं आहे. भांडायला काहीतरी हातात आहे. न आलेल्या मेलशी भांडता येत नाही.

जुन्या मराठी पत्राच्या शेवटी लेखनसीमेची मुद्रा असे. मजकूर इथे संपला, याच्याखाली कुणी काही घालू नये, अशी खूण. पत्र लिहिणारा कितीही मोठा सरदार असो, आपलं म्हणणं संपलं हे सांगणं त्याचं काम होतं. वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा नव्हता. तीनशे वर्षांपूर्वीच्या फडावरच्या कारकुनाला जी रीत ठाऊक होती ती आजच्या निवड समित्यांना शिकवावी लागते.

आता माझं. शिफारसपत्रं आदल्या रात्री पाठवते हे वर कबूल केलंच आहे. मुलं दोन महिने आधी विचारतात, मी ‘हो, हो’ म्हणते, आणि मग पोर्टलवर माझ्या नावासमोर ‘अप्राप्त’ असं बघत ती माझ्या फोनची वाट पाहतात. आठवण करून द्यायलाही संकोचतात. एकाने एकदा आठवण म्हणून मला दत्तजयंतीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. माणूस विद्यापीठ झाला की कसा वागतो ते मला माझ्यावरूनच कळतं.

त्याहून मोठी कबुली पुढे आहे. मी एका लहानशा खासगी न्यासाच्या समितीवर आहे. मोडी कागदांवर काम करणाऱ्या तरुणांना आम्ही वर्षाला थोडीशी शिष्यवृत्ती देतो. रक्कम सांगावी इतकी नाही. जागा तीन, अर्ज पंचवीस-तीस. आम्ही कित्येक वर्षं फक्त निवडलेल्यांना फोन करायचो. बाकीच्यांना कळवायचं असतं हे आमच्या, म्हणजे पाच सुशिक्षित, सुजाण, पुण्यात राहणाऱ्या माणसांच्या डोक्यातही आलं नव्हतं. हडपसरच्या मुलीची हकिकत मी बैठकीत सांगितली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “पण कारण काय द्यायचं त्यांना?” मी म्हटलं, कारण नका देऊ, तारीख द्या. थोडी चर्चा झाली. कुणी तरी म्हणालं की लोक दुखावतील. शेवटी ठरलं: अर्जाच्या जाहिरातीतच निकालाची तारीख छापायची आणि त्या दिवशी सगळ्यांना मेल.

पहिल्या वर्षी सव्वीस अर्ज होते. निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी तेवीस नकार पाठवले. प्रत्येकात दोन ओळी: या वर्षी आपली निवड होऊ शकली नाही, तीन जागांसाठी सव्वीस अर्ज होते. पाठवताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. रात्री दहापर्यंत नऊ जणांची उत्तरं आली. कुणीही दुखावल्याचं लिहिलं नव्हतं. सोलापूरकडच्या एका मुलीचं उत्तर चार ओळींचं होतं: “मॅडम, कळवल्याबद्दल आभार. बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत, उद्याच भरते. पुढच्या वर्षी परत अर्ज केला तर चालेल ना? आणि तारीख याच सुमाराची असेल का?”